दुर्बिणीतून झेंडा दिसतो का?

चंद्र दाखवायला दुर्बीण लावली की रांगेतलं कुणीतरी हमखास विचारतं, "यातून तो झेंडा दिसतो का?" मी नाही म्हणतो. मग जरा थांबून, आवाज खाली आणून पुढचा प्रश्न येतो, "मग माणूस खरंच गेला होता का हो तिथे?" मागे रांग खोळंबलेली असते, नीट उत्तर देणं होत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज सवडीने सांगतो.

आधी झेंड्याचं. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आणि झेंडा जेमतेम दीड मीटर लांब. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे, तरी चंद्रावरची शंभरेक मीटरपेक्षा लहान वस्तू तिलाही सुटी ओळखता येत नाही. बारीकसारीक पाहायचं तर चंद्राजवळच जायला हवं. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लुनार रिकनिसन्स ऑर्बिटर या यानाने जवळून काढलेल्या फोटोंत यानांचे मागे राहिलेले भाग दिसतात, अंतराळवीरांच्या पायवाटाही दिसतात. १९६९मध्ये माणसाला पहिल्यांदा चंद्रावर उतरवणारं अमेरिकेचं अपोलो ११ जिथे उतरलं, ती जागा आपल्या चांद्रयान-२च्या कॅमेऱ्यानेही टिपली आहे.

एवढं ऐकून शंका फिटली असा माणूस मला क्वचितच भेटला. "फोटो काय, कसेही करता येतात," असं म्हणतात. पूर्वी मी इथे चिडायचो. एकदा एका वयस्कर गृहस्थांना चारचौघांत तोडून बोललो. ते दुर्बिणीला डोळा न लावताच निघून गेले. ते मला अजून लागतं. कारण पुढे विचार करताना जाणवलं, की चंद्र हे फक्त निमित्त होतं. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असं ते विचारत होते. आणि ती शंका बिनबुडाची नव्हती.

अंतराळाच्या बाबतीत सरकारं खोटं बोललेली आहेत. १२ एप्रिल १९६१ला युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला, तो यानात बसून उतरला असं सोव्हिएत संघाने जगाला सांगितलं. प्रत्यक्षात तो काही किलोमीटर उंचीवर यानाबाहेर पडून स्वतःच्या पॅराशूटने उतरला होता. विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानासकट उतरायला हवं होतं, म्हणून ही लपवाछपवी. त्याच्या आदल्या वर्षी, २४ ऑक्टोबर १९६०ला, सोव्हिएतांच्या बायकोनुर इथल्या प्रक्षेपण तळावर क्षेपणास्त्राचा स्फोट होऊन अनेक माणसं जळून मेली. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेडेलिनही त्यात गेले. लोकांना सांगितलं, विमान अपघात झाला. खरी हकिकत बाहेर यायला जवळपास तीन दशकं लागली. सगळ्या सोव्हिएत यशामागचा मुख्य अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह. १९६६मध्ये तो वारला तेव्हा कुठे लोकांना त्याचं नाव कळलं.

अमेरिकेकडूनही चूक झालीच. अपोलो ११च्या चित्रणाच्या मूळ चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९मध्ये खुद्द नासालाच जाहीर करावा लागला. प्रक्षेपणाच्या प्रती शाबूत आहेत, पण मूळ फितीच नाहीत म्हटल्यावर कुणाच्याही मनात पाल चुकचुकणारच. त्यात डिसेंबर १९७२मधल्या अपोलो १७नंतर चंद्राच्या मातीवर कुणाचं पाऊल पडलेलं नाही. तेव्हा जमलं ते नंतर का जमू नये, हा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याचं उत्तर पैशात आणि राजकारणात आहे. १९६०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून जास्त वाटा नासाला मिळत होता, तो नंतर झपाट्याने आटला. सोव्हिएतांशी चाललेली चंद्राची शर्यत जिंकल्यावर तेवढा पैसा कुणी देईना.

म्हणून आता मी असे पुरावे सांगतो ज्यांत नासाच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागत नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर परत येतो, हा पुरावा मी सुरुवातीला पुढे करत नाही. असे आरसे सोव्हिएत लुनोखोद गाड्यांनीही नेले होते, त्यांच्यासाठी माणूस लागला नव्हता. दगडमातीचं मात्र सांगतो. अपोलोच्या सहा मोहिमांनी ३८२ किलो आणली. माणसाविना गेलेल्या सोव्हिएत यानांनी तीन खेपांत मिळून आणली तीनशेसव्वातीनशे ग्रॅम. त्या काळच्या यंत्रांची कुवत एवढी होती.

आणि ते प्रतिस्पर्धी गप्प का बसले असते? अपोलो ११ चंद्रावर होतं त्याच वेळी सोव्हिएतांचं ल्यूना १५ हे माणसाविना गेलेलं यान चंद्राभोवती घिरट्या घालत होतं. माती घेऊन आधी परत यायचा त्यांचा बेत होता. २१ जुलै १९६९ला ते चंद्रावर आदळलं. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेने दोन्ही यानांचे संदेश ऐकले. अमेरिकेचं बिंग फोडण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज होती, ज्यांच्याकडे त्यासाठी लागणारी साधनंही होती, त्यांनी हार मान्य केली.

माझा सर्वांत आवडता पुरावा धुळीचा. अपोलो १५, १६ आणि १७मध्ये चंद्रावर गाडी चालवली. तिच्या चाकांमागे उडणारी माती नीट पाहा. ती कमान करून उडते आणि तशीच खाली येते, जराही रेंगाळत नाही. पृथ्वीवर गाडीमागे धुळीचा लोट उठतो, तरंगतो, कारण बारीक कणांना हवा धरून ठेवते. तिथे हवा नाही. चित्रण नुसतं संथ करून हे साधत नाही. त्यासाठी मैदानाएवढी निर्वात खोली लागली असती.

चित्रणात झेंडा हलतो, फोटोंतल्या आकाशात तारे नाहीत, या शंका येतात कारण आपली नजर हवेत वाढलेली आहे. झेंड्याला वर आडवी दांडी होती. काठी फिरवली की कापड हलायचं, आणि अडवायला हवा नसल्याने जास्त वेळ हलत राहायचं. ताऱ्यांबद्दल मात्र मी आता तोंडाने काहीच समजावत नाही. विचारणाऱ्याला त्याच्याच फोनने चंद्राचा फोटो काढायला लावतो.

मागच्या वेळी एका कॉलेजातल्या मुलीने काढला. डाग दिसावेत म्हणून तिने प्रकाश कमी कमी केला. चंद्र छान आला, भोवती नुसता काळोख. मग तिने मान वर करून पाहिलं. चंद्राशेजारी दोन-तीन तारे तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. तिने प्रकाश वाढवला. तारे उमटले आणि चंद्राचा पांढरा गोळा झाला. दोन्ही फोटो ती आलटून पालटून बघत राहिली, आणि मागच्या माणसाने विचारलं, "मलाही करून बघता येईल का?"