तिथीची पाऊणपट

परवा पुतणी म्हणाली, "काका, शाळेत जाऊन होतं काय? सगळं मोबाइलवर मिळतं." मी माळ्यावरून एक जुनी दोनशे पानी वही काढली. कडा वाळवीने खाल्ल्यात.

आमची आजी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायची. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण हिशेब तोंडपाठ: "तिथीची पाऊणपट, तेव्हा भरती. त्यात सहा घाल, की सुकती." म्हणजे चतुर्थीला तीनची भरती, अष्टमीला सहाची; सुकती, म्हणजे ओहोटी, त्यानंतर सहा तासांनी.

शाळेत सरांनी शिकवलं, भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आजीच्या हिशेबात तिथीमागे ४५. पौर्णिमेला तिचं उत्तर सव्वाअकरा, आणि पाणी भरायचं बाराच्या आगेमागे. आजीला खोटं पाडायचंच म्हणून मी महिनाभर धक्क्यावर बसलो. पाणी कितव्या पायरीवर येऊन थांबतं आणि किती वाजता, ते वहीत. (रात्रीची भरती राहिली. आई सोडत नसे.)

निघालं ते दोघांशीही न जुळणारं. अमावास्येच्या आसपास भरती रोज चाळीसेक मिनिटंच सरकायची, अष्टमीच्या सुमारास तासाहून जास्त. मला वाटलं, घड्याळच बिघडलं.

सरांनी वही बघितली आणि मधली सुट्टी अख्खी फळ्यापाशी घालवली. दोन लाटा काढल्या: चंद्राची दर १२ तास २५ मिनिटांनी, सूर्याची बरोबर १२ तासांनी, उंचीला चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. दोघी एकत्र आल्या की उधाण. तेव्हा सूर्याची लाट भरतीला फार मागे पडू देत नाही. एकमेकींच्या उलट पडल्या की भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, मग वेळ भराभर सरकते. ५० मिनिटं ही नुसती सरासरी.

हे मला जन्मभर पायऱ्या मोजूनही सुचलं नसतं. आणि वही नसती तर सरांनीही सांगितलं नसतं. पुस्तकात नव्हतं, परीक्षेला येणार नव्हतं.

संध्याकाळी ऐटीत आजीला तिची चूक सांगितली. ती कालवं फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मी कंदी रिकामी टोपली आणलीय काय रं?"

आणली नव्हती. ती कायम तासभर आधीच जाऊन खडकावर बसायची.