आधी पिण्याचं

मे महिन्यातली दुपार. पंखा गरम हवाच खाली ढकलत होता आणि मी फोनवरचं गोल गोल फिरणारं चक्र बघत बसलो होतो. दारात शेजारच्या अक्का, हातात रिकामी कळशी. "काय रे, पाणी आज की उद्या?"

आमच्या वसाहतीची वेबसाइट आहे. पाण्याचा वार तिच्या पहिल्याच पानावर असतो आणि ते पान सांभाळतो मी. त्यामुळे मोठ्या ऐटीत "थांबा, सांगतो" म्हणालो. अक्का थांबल्या. चक्र फिरत राहिलं. पांढऱ्या पडद्यावर वसाहतीचं नाव तेवढं उमटलं, पुढं काही नाही. इतक्यात मागच्या अंगणात नळ फुसफुसला. आधी हवा, मग तांबूस पाण्याची एक गुळणी, मग धार.

"नळाला पाणी आलं," अक्का जाता जाता म्हणाल्या, "तुझं पान काय आलं नाही बघ."

पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. पाणी येतं उजनी धरणातून, शंभर किलोमीटरहून लांब. मध्ये कुठं पाइप फुटला की वार पुढं जातो. माझ्या लहानपणी आजी त्या दिवशी पहाटे चारला उठवायची. नळाच्या तोंडाला जुन्या धोतराची पिशवी बांधलेली असे. तिच्या खाली आधी पितळी घागर, चिंचेनं घासून लख्ख केलेली. मग स्वयंपाकाचे दोन हंडे, मग बंबाची बादली, आणि सगळ्यात शेवटी ड्रम, धुण्या-सांडण्याचा. "आधी पिण्याचं," आजी म्हणायची, दर वेळी, जणू मी पहिल्यांदाच ऐकतोय.

एकदा झोपेच्या तारेत मी उलटं केलं. नळाला रबरी नळी लावून ती सरळ ड्रममध्ये सोडली आणि भिंतीला टेकून डुलकी काढली. जाग आली तेव्हा ड्रम अर्धा होता आणि नळ कोरडा. घागर तशीच, लख्ख आणि रिकामी. पुढचे तीन दिवस आम्ही ड्रममधलं पाणी उकळून प्यालो. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ड्रम काय पळून चालला होता?"

त्या रात्री संगणकावर आमचं पान उघडून बघितलं, आधी काय येतं आणि मग काय. आधी ड्रमच येत होता की ओ! गड्ड्याच्या यात्रेचे अकरा फोटो. नंदीध्वज, शोभेचं दारूकाम, आणि चार फोटोंत नुसते आमचे अध्यक्ष. सगळे फोनमधून काढले तसे चढवलेले, एकेक 4 एमबीचा. पानावर दिसायला तिकिटाएवढे, पण तिकिटाएवढा दाखवला म्हणून फोटो हलका होत नाही. तो अख्खा उतरतो, मग फोन त्याला दाबून तेवढ्या जागेत बसवतो. आमच्या नेट कॅफेच्या काळातल्या 56 केबीपीएसच्या मोडेमवर असा एक फोटो उतरायला साडेनऊ मिनिटं लागली असती. अकरांना पावणेदोन तास. तेवढ्यात माणूस एसटीनं पंढरपूर गाठतो.

शिवाय एक व्हिडिओ, पान उघडताच आपोआप सुरू होणारा. नळाला थेट मोटर लावणारं एक घर प्रत्येक गल्लीत असतंच, तसा हा. तो ओढायला लागला की बाकीच्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. आणि तीन वेगवेगळे नक्षीदार मराठी फॉन्ट. आपली जोडाक्षरं काय थोडी आहेत? प्रत्येक फॉन्ट त्यांचं बोचकं पाठीवर घेऊन येतो. तिन्ही काढले. फोनमधला जो असेल तो चालेल, वार वाचता आला म्हणजे झालं.

फोटो 1200 पिक्सेल रुंदीवर आणून वेबपी या हलक्या प्रकारात बदलले. एकेक दीडशे केबीच्या आत बसला. खालच्या फोटोंपुढं 'लेझी' असा एक शब्द लिहिला, की वाचणारा खाली सरकत तिथवर येईपर्यंत ब्राउझर ते मागवतच नाही. आळशीपणाला कुठं तरी किंमत आहे हे कळून बरं वाटलं. आणि सगळ्यात वर, साध्या अक्षरात, पाण्याचा वार.

इथवर ठीक होतं. मग मला शहाणपण सुचलं. ब्राउझर एकदा आणलेलं जवळ साठवून ठेवतो, त्याला सांगितलं की सगळं वर्षभर जपून ठेव. सगळं म्हणजे फोटो, आणि पानसुद्धा. पुढच्या आठवड्यात वार बदलला, मी पानावर बदलला, आणि अक्कांच्या फोनवर जुनाच दिसत राहिला. त्यांनी काही भरून ठेवलं नाही. ताजं पाणी आलं की शिळं ओतून द्यायचं, हे ज्या घरात शिकलो त्या घरात मी शिळा वार वाढला होता. आता फोटो वर्षभर ठेवायचे, पान मात्र दर वेळी विचारून घ्यायचं, अशी व्यवस्था आहे. अक्कांच्या घरी दोन हंडे मी स्वतः पोचवले, तो भाग वेगळा.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "आमचा फोटो कुठं गेला?"

"आहे की, खाली."

"खाली?"

फॉन्ट काढणं सोपं होतं.

पान आता दोनेक सेकंदांत उघडतं, माझ्या जुन्या फोनवरसुद्धा. परवा अक्कांना कौतुकानं दाखवायला गेलो. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मी आता कुठं बघते ते? समोरच्यांची मोटर सुरू झाली की कळतंय मला."