आज फास्टिंग किती?

माझी उपाशीपोटीची शुगर लेस्टरमध्ये ७.२ असते आणि नाशिकला फोन लावला की तीच १३० होते. इंग्लंडात रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. इथल्या आकड्याला अठराने गुणलं की आपला आकडा मिळतो. एचबीएवनसीचं, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीचंही तसंच, फक्त हिशोब वेगळा. नाशिकच्या लॅबच्या रिपोर्टवर जे ७ टक्के लिहिलेलं असतं, ते इथल्या कागदावर ५३ होतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही सगळे रोज सकाळी आपापला आकडा टाकतो, आणि माझा मी गुणाकार करूनच टाकते. वहिनीने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तुझं ते सात-आठ इथे लिहू नकोस गं, आत्या घाबरतात. त्यांना वाटतं तुझी शुगर पार खाली गेली."

हा ग्रुप घरातल्या माणसांचा म्हणून सुरू झाला, पण दादाने हळूहळू त्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरची मंडळी आणली. एक वकीलकाका, बँकेतून निवृत्त झालेले नाना, शाळेतल्या बाई, आमची मावशी आणि दादा स्वतः. बहुतेक जण गोळ्यांवर आहेत. दादा आणि नाना इन्सुलिन घेतात. मीही आता रात्रीचं इन्सुलिन घेते. हिवाळ्यात त्यांची सकाळची सहाची फेरी सुरू होते तेव्हा माझ्याकडे रात्रीचा साडेबारा वाजलेला असतो. पुष्कळदा मी जागीच असते आणि ट्रॅकवरच्या बाकावरून दादाचा फोन येतो. मागे कुणीतरी ओरडून विचारत असतं, "आज फास्टिंग किती?" हा प्रश्न तिथे "चहा झाला का?" इतक्या सहज विचारला जातो, आणि उत्तरही तितक्याच मोकळेपणाने मिळतं. १४८. ११२. वकीलकाकांची १९०, कारण काल पुतण्याचा साखरपुडा होता.

परदेशात मला सगळ्यात जास्त कशाची उणीव भासत असेल, तर या प्रश्नाची.

इथली व्यवस्था चांगली आहे, हे मी मनापासून सांगते. मधुमेहावर औषध घेणाऱ्याला औषधांचे पैसे पडत नाहीत, इन्सुलिनचेही नाहीत. दरवर्षी ठरलेल्या तपासण्या होतात: एचबीएवनसी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी रक्त आणि लघवी, वजन, आणि पाय. डोळ्यांसाठी वेगळं पत्र घरी येतं. सलग दोनदा काही सापडलं नाही तर पुढचं बोलावणं दोन वर्षांनी. आपण विसरलो तरी यंत्रणा विसरत नाही. पण नर्सबाईंच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्या दाराबाहेर याविषयी कुणी अक्षर काढत नाही. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी बाई कित्येक वर्षं रोज स्वच्छतागृहात जाऊन बोट टोचत होती. मला ते ती निवृत्त होताना कळलं. दोघीही तेच करत होतो, दोघीही एकट्याच.

निदान झाल्यावर मला 'डेस्मंड' नावाच्या वर्गाला पाठवलं. नव्याने टाइप टू मधुमेह झालेल्यांसाठीचा हा अभ्यासक्रम लेस्टरमधूनच चालवला जातो. गोल टेबलाभोवती आम्ही बसलो होतो: बेलग्रेव्ह रोडवरचं एक गुजराती जोडपं, एक सोमाली बाई, एक इंग्रज ड्रायव्हर. सुरुवातीला सगळे आपल्या कागदांत डोकं घालून. मग त्या ड्रायव्हरने सांगितलं की त्याच्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला आणि म्हणून त्याला भीती वाटते. त्यानंतर खोलीत जे बोलणं सुरू झालं, ते मी इथे इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या गुजराती बेननी तर माझी वहीच ओढून घेतली आणि मी भात किती खाते ते त्यात लिहायला लावलं. अगदी आमच्या आत्यासारखं.

मधुमेहींची सोबत ही कल्पना इंग्लंडला नवी नाही. आज 'डायबेटिस यूके' म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३४ मध्ये लेखक एच. जी. वेल्स आणि डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी सुरू केली. दोघेही मधुमेही होते. लॉरेन्स तर मरण समोर आहे हे धरूनच इटलीतल्या फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये लंडनहून इन्सुलिन मिळाल्याची बातमी आली, ते परतले आणि पुढे कित्येक वर्षं जगले. माणसाची ऐपत असो वा नसो, इन्सुलिन प्रत्येकाला मिळावं, हा संस्थेचा सुरुवातीचा आग्रह. आजारी माणसांनीच एकमेकांसाठी उभं केलेलं काम आहे हे. कृषीनगरच्या बाकावर चालतं ते वेगळं काही आहे, असं मला वाटत नाही.

माझ्या आजीला ही सोबत नव्हती. तिची शुगर आमच्या पंचवटीतल्या घरात मोरीजवळ तपासली जायची. परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळल्यावर निळंच राहिलं तर उत्तम. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. विटकरी झालं की आजोबा काही न बोलता नळी विसळायचे आणि आजी त्या दिवशी जेवणात गप्प असायची. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, म्हणजे ती परीक्षा उशिरानेच बातमी द्यायची. साखर कमी झाली असेल तर त्यात काहीच कळत नसे. घरात पाहुणे असले की ती नळी कपाटामागे लपवलेली असायची. आजीची नात आज आपला आकडा दहा जणांना पाठवते, हे तिला पाहायला मिळायला हवं होतं.

मागच्या मुक्कामात या मंडळींनी एक प्रयोग केला आणि मीही त्यात होते. रविवारी सकाळी मिसळ. सगळ्यांनी एकाच ठिकाणी, एकच प्लेट, दोन पाव, आणि नाशिकच्या रिवाजाप्रमाणे समोर जिलेबी आली तरी ती कुणी घ्यायची नाही. पहिल्या घासापासून दोन तास मोजले आणि बाईंच्या ओसरीवर मशीन निघालं. शाळेतल्या बाई १५६. वकीलकाका २४०. मी मध्ये कुठेतरी. मावशी १७०, पण ती मिसळीनंतर अर्धा तास चालून आली होती. सर्वांनी खाल्लं तेच, तरी शरीरागणिक उत्तर निराळं. वकीलकाका आधी खट्टू झाले. मग त्यांनी पुढच्या रविवारी एकच पाव घेऊन, मटकी जास्त आणि फरसाण कमी मागवून, वर अर्धा तास चालून पुन्हा मोजलं. आकडा खाली आला आणि त्यांनी तो ग्रुपवर असा टाकला, जणू कोर्टात खटला जिंकला. कुठल्याही छापील आहारतक्त्याने हे त्यांच्याकडून करून घेतलं नसतं.

त्या ओसरीवर मला एक गोष्ट मात्र थांबवावी लागली. मशीन एकच होतं, ते दर माणसानंतर जंतुनाशकाने पुसून घेतलं तर चालेल. पण टोचायची सुईसुद्धा एकच फिरणार होती. हे कधीही करू नका. सुई प्रत्येकाची स्वतःची आणि दर वेळी नवी. टोचायचं पेनही एकमेकांत फिरवायचं नाही, कारण त्यावर राहिलेल्या अदृश्य रक्तातूनही कावीळ ब पसरते. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुवा. बोटाला द्राक्षाचा रस लागलेला असेल तर मशीन द्राक्षाची साखर दाखवतं, तुमची नाही.

वापरलेल्या सुयांसाठी इथे पिवळा डबा मिळतो आणि तो वेगळा नेला जातो. नाशिकमध्ये त्या सुया घंटागाडीत जात होत्या, पिशवीत सैल. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाला त्या टोचतात. आता दादाने जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली ठेवली आहे. सगळे आपल्या सुया त्यात टाकतात आणि बाटली भरली की तो तिचं झाकण चिकटपट्टीने बंद करून ओळखीच्या दवाखान्यात देतो. दवाखान्यांचा असला कचरा वेगळा उचलला जातो. ज्या दिवशी ही बाटली सुरू झाली त्या दिवशी मला दादाचा फार अभिमान वाटला.

आता शुगर कमी होण्याविषयी, कारण आपल्याकडे वाढलेल्या शुगरची जेवढी धास्ती आहे तेवढी उतरलेल्या शुगरची नाही. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ७० च्या खालचा आकडा तातडीचा असतो. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं चिडखोर होतं. इथे इन्सुलिनवरच्या माणसाने गाडी सुरू करण्यापूर्वीच्या दोन तासांत शुगर तपासायची असा नियमच आहे, लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा, आणि आकडा ५ म्हणजे आपला ९० तरी हवा. नाना मुंबई नाक्यावरून रोज स्कूटर चालवत जातात. त्यांना मी हा नियम सांगितला तेव्हा ते म्हणाले, "इथे कोण विचारतंय?" मी म्हटलं, "नाना, मी विचारतेय." आता ते निघण्याआधी ग्रुपवर आकडा टाकतात.

नानांच्या खिशात पेढा असायचा. प्रेमाने ठेवलेला, घरचा. पण पेढ्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे त्याची साखर रक्तात सावकाश चढते, चॉकलेटचंही तेच. त्या वेळी लागते ती नुसती साखर: तीन-चार चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं. सावरल्यावर मग पोळी, बिस्किट, हवं ते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. एकदा ट्रॅकवर नाना चालता चालता उगाच दादावर खेकसले. भांडण होऊ शकलं असतं. बाईंनी त्यांचा ओला सदरा पाहिला, हात धरून बाकावर बसवलं आणि मशीन काढलं. ५८. पंधरा मिनिटांत नाना दादाची माफी मागत होते आणि दादा त्यांची. रोज शेजारी चालणाऱ्या माणसाला आपला स्वभाव माहीत असतो, म्हणून तो बदललेला त्यालाच आधी कळतो. इथे लेस्टरच्या रस्त्यावर मी कुणावर खेकसले तर लोक सभ्यपणे बाजूने निघून जातील.

पायांविषयी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मधुमेहाने पायांची संवेदना हळूहळू जाते आणि ती गेल्याचं माणसाला समजत नाही. आपल्या शहरात अनवाणी चालण्याचे प्रसंग किती! काळाराम मंदिर, रामकुंड, चैत्रात रामरथाच्या वेळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर. दुपारी घाटाचा दगड एवढा तापतो की निरोगी माणूस उड्या मारत जातो. ज्याचे तळवे बधिर झालेत तो शांतपणे चालतो आणि संध्याकाळी फोड दिसतो. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत, घरोघरी पाहुणे येतील, आपणही गंगेवर जाल. मोजे घालून चाला, काठापर्यंत चप्पल ठेवा, घरी आल्यावर तळपायाखाली आरसा धरून पाहा. देव यात काही कमी मानणार नाही अशी माझी श्रद्धा आहे.

द्राक्षांचंही सांगते. जानेवारी ते एप्रिल कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून पेटी येतेच, आणि नाशिककराला द्राक्षं खाऊ नका सांगणं मला क्रूर वाटतं. ग्रुपने आपसांत ठरवलंय: दहा-बारा मणी, जेवणानंतर लगेच नाही, सोबत मूठभर शेंगदाणे, आणि रस कधीच नाही. इथल्या दुकानात त्याच महिन्यांत भारतातली द्राक्षं येतात. डब्यावर देशाचं नाव वाचून मी एक डबा घेते आणि तेवढेच मणी मोजून बशीत काढते. तिकडे दादा, इकडे मी.

उपवासाला साबुदाण्याऐवजी काय खावं यावर मावशीचं आणि माझं अजून एकमत नाही. भगर चालते असं ती म्हणते, आणि भगरीनेही आकडा वाढतो हे तिच्याच मशीनने तिला दोनदा दाखवलंय. एरवीच्या दिवसांत तिने नागलीची भाकरी सुरू केली आहे, पेठकडून आलेल्या नागलीची. भाकरी एकच आणि भाजी भरपूर घेतली तर तिला ती मानवते. नवरात्र तिच्यावरच सोडलं आहे. तिने डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली, हेच मला पुरेसं आहे.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मी सोडणार नाही. पडद्याची तपासणी चष्म्याच्या नंबरापेक्षा वेगळी असते, दिसायला काहीही त्रास नसताना करायची असते, आणि मावशीने ती एकदाही केलेली नाही. "मला पेपर स्वच्छ वाचता येतो," हे तिचं उत्तर. जानेवारीत मी येतेय. नेत्रतज्ज्ञांकडची वेळ वहिनीने आत्ताच घेऊन ठेवली आहे, मावशी आणि वकीलकाका दोघांची. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, म्हणून रिक्षाने जायचं. पाय तपासायचा नायलॉनचा बारीक धागाही इथून आणतेय. मावशीला फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं, रिक्षात नाना बसणार का, कारण त्यांचेही डोळे राहिलेत. वहिनीने तिसरी वेळ घेतली.