मॅनडेज भागिले माणसं

परवा टीममधल्या एका मुलाने एका सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या एस्टिमेटची एक्सेल शीट बघायला पाठवली. खाली टोटल 120 मॅनडेज (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मॅनडे), पुढच्या कॉलममध्ये टीम 6 जण, त्याच्या पुढे ड्युरेशन 20 दिवस. सरळ भागाकाराचा फॉर्म्युला टाकलेला. गणितात काही चूक नव्हती, पण ती तारीख तशीच क्लायंटकडे गेली असती तर सहा जणांच्या पुढच्या कित्येक संध्याकाळी आणि शनिवार-रविवार त्यात गेले असते, आणि हे मी इतक्या वेळा होताना बघितलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

एफर्ट, शेड्यूल आणि स्टाफिंग हे तीन वेगळे प्रश्न आहेत. काम एकूण किती, कॅलेंडरवर किती दिवस जाणार, आणि कुठल्या आठवड्यात कुठली किती माणसं लागणार. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर नुसतं भागून येत नाही. कारण काम काही विटांचा ढीग नाही, की जेवढे हात लावाल तेवढा लवकर उचलला जाईल. त्या शीटमधलंच घ्या, पहिले दोन आठवडे डेटाबेसचं डिझाइन आणि एपीआय, म्हणजे सिस्टिमचे भाग एकमेकांशी कसे बोलणार ते, ठरेपर्यंत दोनच जणांना खरं काम होतं, बाकी चौघं काय करणार? आणि शेवटी यूएटीत, म्हणजे क्लायंट स्वतः वापरून तपासतो तेव्हा, बग येतील त्या वेळी परत दोघंतिघंच लागणार. म्हणजे 6 जण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत फुल कामात, हे चित्र फक्त एक्सेलमध्येच असतं.

बॅरी बोहम या सॉफ्टवेअर इंजिनियरने 1981 मध्ये कोकोमो नावाचं एस्टिमेटचं मॉडेल मांडलं, 63 प्रोजेक्टच्या डेटावरून. त्यातला सगळ्यात साधा फॉर्म्युला, म्हणजे छोटी अनुभवी टीम आणि ओळखीचं काम असेल तेव्हाचा, असा आहे: कोडच्या हजार ओळींचा आकडा घ्यायचा, त्याचा 1.05 वा घात करायचा आणि 2.4 ने गुणायचं, की एफर्ट येतो पर्सन-मंथमध्ये, म्हणजे एका माणसाचं किती महिन्यांचं काम ते. मग त्या एफर्टचा 0.38 वा घात गुणिले 2.5, हे झाले महिने. 10 हजार ओळी घालून बघा. एफर्ट येतो साधारण 27 पर्सन-मंथ आणि शेड्यूल पावणेनऊ महिने, म्हणजे सरासरी तीनच माणसं! आपण काय केलं असतं, 27 ला 9 ने भागून 9 जण लावले असते आणि तीन महिन्यांची तारीख देऊन मोकळे झालो असतो. आजच्या कामाला हे जुने आकडे जसेच्या तसे लावा असं मी अजिबात म्हणत नाहीये, फ्रेमवर्क बदलले, टूल्स बदलले, ओळी मोजण्यालाही आता फारसा अर्थ राहिला नाही. पण त्यातली एक गोष्ट मला अजूनही पटते, की कामाच्या आकाराला स्वतःची एक नैसर्गिक मुदत असते आणि माणसं वाढवून ती एका मर्यादेपलीकडे दाबता येत नाही.

फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/360 या ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रोजेक्ट सांभाळला होता, त्या अनुभवावरून त्यांनी 1975 मध्ये लिहिलं होतं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर अजून वाढतो. मी हे वाचलं होतं, तरी माझ्या एका प्रोजेक्टमध्ये रिलीजला सहा आठवडे राहिले असताना वरून तीन माणसं मिळाली तेव्हा मी आनंदाने घेतली. तिघंही हुशार होती, त्यांचा काहीच दोष नव्हता. पण ज्या दोघांना सिस्टिम पूर्ण माहीत होती त्यांचे दोन आठवडे एन्व्हायर्नमेंट सेटअप करून देण्यात, कोड समजावण्यात आणि रिव्ह्यू करण्यात गेले, आणि सगळ्यात अवघड कामं त्याच दोघांकडे होती, ती तशीच पडून राहिली. चार माणसांत बोलायच्या जोड्या सहा असतात, सात माणसं झाली की 21. रिलीज महिनाभर पुढे गेलं. तेव्हा दोन मोठे रिपोर्ट पुढच्या रिलीजला ढकलू असं मी ठामपणे बोलायला हवं होतं, बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता एफर्टबद्दल. मी एका टास्कला एकच आकडा मागत नाही, तीन मागते. सगळं सुरळीत झालं तर किती, साधारणपणे किती, आणि सगळं बिनसलं तर किती. हे पर्ट नावाच्या प्लॅनिंगच्या पद्धतीतलं गणित, 1958 मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी काढलेलं. समजा ओटीपी लॉगिनला 3, 5 आणि 15 दिवस आले. मधल्याला चारने गुणा, बाकी दोन मिळवा, सहाने भागा, 6.3 दिवस. शीटमध्ये सगळे 5 लिहितात. प्रत्येक टास्कवर असा दिवस-दीड दिवस कमी पडत गेला की शेवटी तो महिना कुठून आला ते कुणालाच कळत नाही. पण मला त्या 6.3 पेक्षा 15 जास्त कामाचा वाटतो, कारण 15 का हे विचारलं की खरी माहिती बाहेर येते, "एसएमएस गेटवेचं अ‍ॅप्रूव्हल क्लायंटकडून यायचंय, मागच्या वेळी आठवडा लागला होता." आणि तीच अडचण दुसऱ्या चार टास्कमध्येही असेल तर सगळी एकदमच अडकतात, त्यामुळे एकीकडे उशीर झाला तर दुसरीकडे भरून निघेल या भरवशावर राहू नका.

आकडे सांगताना सगळ्यांनी आधी आपापले लिहून ठेवायचे आणि एकदम दाखवायचे. प्लॅनिंग पोकर खेळतो आपण, त्याचा मुद्दा हाच आहे, पत्ते वगैरे महत्त्वाचे नाहीत. लीडने सुरुवातीलाच "हे दोन आठवड्यांत होईल ना?" म्हटलं की सगळ्यांचे आकडे दोन आठवड्यांच्याच आसपास घुटमळतात. आमच्याकडे एकदा सगळ्यांनी 3 दाखवला आणि एकीने 13. तिला माहीत होतं की डेटाबेसमधलं तेच टेबल रात्री आपोआप चालणारा एक जुना प्रोग्रॅम पण वाचतो. बाकी कुणालाच माहीत नव्हतं!

आणि प्लीज, गुपचूप 30 टक्के वाढवून देऊ नका. समोरच्याला अंदाज असतोच, तो 30 टक्के कापतो, मग पुढच्या वेळी तुम्ही 50 वाढवता, आणि मग कुठल्याच आकड्यावर कुणाचाच विश्वास राहत नाही. बफर, म्हणजे अडचणींसाठी राखलेले जादा दिवस, उघड दाखवा, वेगळ्या ओळीत, कारणासकट.

तर त्या मुलाबरोबर दोन तास बसलो. कोड रिव्ह्यू, टेस्ट डेटा, डिप्लॉयमेंट, लोकांच्या सुट्ट्या, यूएटीतले बग हे धरलंच नव्हतं, ते धरून 120 चे 150 झाले. माणसं सहाची चार केली, सुरुवातीला दोन आठवडे दोघं, मग चौघं, शेवटचे दोन आठवडे परत दोघं. हिशोब आला साडेनऊ आठवडे. क्लायंटला आम्ही 9 ते 12 असं लिहून दिलं आणि 12 कशामुळे होऊ शकतात ते खाली चार ओळींत मांडलं. मला वाटलं होतं तारखेवरून घासाघीस होईल. त्यांचा पहिला प्रश्न आला, "पेमेंट गेटवेचं टेस्ट अकाउंट याच आठवड्यात दिलं तर 12 चे किती होतील?"