लंडन–न्यूयॉर्क: अंतर तेच, वेळ वेगळा

लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. परंतु केवळ त्यावरून प्रवासाचा वेळ काढू गेल्यास हिशेब चुकतो. लंडनहून जाताना साधारण आठ तास लागतात आणि परतीचा प्रवास मात्र बहुधा सात तासांच्या आसपास आटोपतो, कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा आणि हिवाळ्यात विशेष जोर धरणारा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा झोत, जाताना विमानाला अडवतो, तर येताना पुढे रेटतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या सुमारास एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क–लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले, याचे मला आजही मनापासून नवल वाटते. तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, म्हणून घड्याळातील पाच तासांचा फरक आधी लक्षात घ्यावा.