डब्यात किती? चार जमले, पाच बाकी

भावाच्या धाकट्या मुलीला, आमच्या धाकटीला, 'चार' आला. नुसता म्हणायला नव्हे. म्हणायला ती दहापर्यंत कधीचीच म्हणते. आता चार मागितले तर चारच देते, आणि झाकण लावलेल्या डब्यात किती टाकलेत ते आत न डोकावता सांगते. मागच्या नोंदीत अंड्याच्या ट्रेचं एवढं कौतुक केलं होतं, तो ट्रे मात्र यासाठी चक्क माळ्यावर टाकावा लागला. आपल्यातले बरेच जण पोरांना घरी मोजायला शिकवताना ट्रे वापरतात, म्हणून हे सविस्तर लिहिते.

नव्यांसाठी थोडक्यात: तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे पाच बाय सहाचा असतो. पाच-पाचच्या दोन-दोन ओळी कापल्या की एका ट्रेतून दहाच्या तीन चौकटी निघतात. कोपऱ्यावरचा अंडीवाला तो फुकट देतो. अंडं फुटून ओघळलेला ट्रे घेऊ नका, आणि खेळ झाला की पोरांचे हात साबणानं धुवा.

तर ट्रेवर धाकटीचं काम बघत राहावं असं चाललं होतं. एका खळग्यात कपड्यांचा एक चिमटा, एका चिमट्याला एक आकडा, एकही खळगा सुटत नाही, एकही दोनदा मोजला जात नाही. "पाच भर" म्हटलं की ओळ भरून मोकळी. मग एक दिवस सतरंजीवर चिमट्यांचा ढीग ओतला आणि म्हटलं, "मला चार चिमटे दे." तिनं ओंजळ भरून दिले.

"किती दिलेस?"

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

"मग हे चार आहेत का?"

"व्हय की! मोजूनच दिलो की, आत्ती!"

पुढं कितीतरी दिवस गाडी इथंच अडली. चमचे घेतले, वाट्या घेतल्या, बटाटे घेतले. एक, दोन, तीन बरोबर. चार म्हटलं की ओंजळ. मोजून झाल्यावर "मग किती झाले?" विचारलं की उत्तर नाही, पुन्हा पहिल्यापासून "एक, दोन..." सुरू. तिच्या लेखी 'किती' म्हणजे 'मोजून दाखव'.

मुळाशी काय आहे ते जुन्या मंडळींना माहीत आहे. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्याची जी पाच तत्त्वं मांडली, त्यातली पहिली तीन इथं कामाची: एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या. ट्रे पहिलं तत्त्व झकास शिकवतो. तिसऱ्याला तो हातही लावत नाही, कारण कुठं थांबायचं ते खळगे ठरवतात. सतरंजीवर पोराला स्वतः थांबायचं असतं, आणि मोजता मोजता 'मला चारच हवेत' हे डोक्यात धरून ठेवायचं असतं. मानसशास्त्रज्ञ करेन विन यांच्या १९९० च्या अभ्यासातली मुलं अशीच होती: घडाघडा मोजणारी, पण 'इतके दे' म्हटलं की मूठ पुढं करणारी. मुलं आधी एकाचा अर्थ शिकतात, मग दोनाचा, मग तीनाचा, आणि त्यात महिनेच्या महिने जातात. त्यानंतर कधीतरी मोजण्याची किल्ली हाती लागते. धाकटी तेव्हा 'तीनवाली' होती, म्हणजे तीनापर्यंतचाच अर्थ कळणारी. तीनपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेनंच कळतात, त्यामुळं तिला मोजण्याची गरज पहिल्यांदा चारालाच पडली.

मध्ये कुणीतरी आप्पेपात्र सुचवलं होतं. गार, कोरडं पात्र घेऊन करून पाहिलं. आमचं सात खळग्यांचं, मध्ये एक आणि भोवती सहा. गोलात मोजताना सुरुवात कुठून केली ते पोरांच्या ध्यानात राहत नाही. फेरी पूर्ण झाली तरी हात फिरतच राहतो आणि आकडा आठ-नऊवर जातो. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचंही तेच. गोलात मोजायचंच असेल तर पहिल्या खळग्यात वेगळ्या रंगाची वस्तू ठेवा. पण हा मोठ्या पोरांचा खेळ, चाराशी झगडणाऱ्याचा नव्हे.

आता डबा. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत चिमटा पडला की टण्ण वाजेल असा. प्लास्टिकच्या डब्याचा आवाज बसका येतो, आणि पारदर्शक असेल तर खेळच संपतो. दोघींनी मिळून मोठ्यानं म्हणायचं, एकेक चिमटा सोडायचा, झाकण लावायचं आणि विचारायचं: "डब्यात किती?" वस्तू समोर नाहीत म्हटल्यावर पुन्हा मोजायची सोयच उरत नाही. शेवटचा आकडा धरून ठेवला तरच उत्तर आहे.

सुरुवातीला ती झाकणाशी झटापट करायची. मग एक बदल केला, आकडा आधीच सांगून टाकायचा: "आपण आता तीन चिमटे टाकणार." टण्ण, टण्ण, टण्ण. "तीन चिमटे टाकले." आधी संख्या, मग मोजणी, मग पुन्हा संख्या, आणि तीही तिला येणाऱ्या एक-दोन-तीनावर. झाकण काढून खात्री करायची, बोटं लावून मोजायचं, जुळलं की टाळी. हे पक्कं झाल्यावर काल काही न सांगता चार सोडले. झाकण लावलं. विचारायच्या आधीच ती म्हणाली, "चार." म्हटलं, "उघडून बघ." तिनं उघडलं, मोजलं, चार निघाले. लगेच सगळे बाहेर काढले, पुन्हा एकेक करून चार टाकले, डबा पाठीमागं लपवला आणि आज्जीकडं गेली: "आज्जी, डब्यात किती?" मला इतका आनंद झाला की मी भावाला कामावर फोन लावला.

खरी कसोटी दुपारी घेतली. मी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसले आणि तिला स्वयंपाकघरातून चार चमचे आणायला पाठवलं. चमचे दुसऱ्या खोलीत, मागणारी इथं, तेव्हा आकडा डोक्यातूनच न्यायला हवा. "चार, चार, चार" असं पुटपुटत गेली. वाटेत आज्जीनं हटकलं, "कुठं चाललीस गं?" त्या बोलण्यात आकडा सांडला. पूर्वीची धाकटी मूठभर चमचे उचलून आली असती. ही मोकळ्या हातानं परत आली आणि विचारलं, "आत्ती, किती आणायचं होतं?" चमचे मोजून आणण्याइतकंच मला हे मोठं वाटतं. आकडा हरवला हे तिला कळलं, आणि आकड्याशिवाय काम होत नाही हेही.

सामानाविषयी. लाकडी चिमटे कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात घेतले, पकडायला भरीव आणि वजनदार. प्लास्टिकच्या चिमट्याची स्प्रिंग निसटून उडते, लहानांच्या हाती नको. ऑनलाइन मागवलेल्या रंगीत चकत्यांना इतका उग्र वास होता की त्या परत केल्या. तारेवरच्या मण्यांची पाटी मला या वयाला पटत नाही, बोटानं दोन मणी एकदम सरकतात. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर चिंचोके, शेंगदाणे, मणी यातलं काही खाली ठेवू नका, घशात अडकतं. गुंजा तर कुणीच वापरू नका, त्या विषारी असतात. विकतचं सामान लागतंच असं नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा परिसरात मिळतील त्या वस्तूंवरच काम उभं केलं. घरचा चिमटा हातात घेतला की मला ते आठवतं आणि हुरूप येतो.

अकराच्या पुढं कधी नेणार असं कुणीतरी विचारलं होतं. एवढ्यात नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या एकवीस, बावीससाठीच्या 'वीस एक, वीस दोन'वरून केवढा वाद झाला होता, तो प्रश्न आमच्यापासून अजून लांब आहे. आधी पाच.

या आठवड्यात अंकांची कार्डं काढायची ठरवली होती, ती पुढं ढकलते. डबा रंगात आलाय, तो सोडवत नाही. चार टाकून झाल्यावर, झाकण न उघडता, फटीतून आणखी एक सोडायचा: "आता किती?" एकदा विचारून पाहिलं तर ती पुन्हा "एक, दोन..." करायला लागली, म्हणजे इथं काम आहे. झाकणाला चिमटा जाईल एवढी फट पाडायला डबा पत्र्याचा हवा, स्टील कापत बसणार कोण! जुना बिस्किटांचा डबा शोधते, फटीच्या कडा घासून वर चिकटपट्टी लावली की झालं.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: रविवारी आमच्याकडं मटण, म्हणजे माणशी दोन वाट्या, एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्या रश्श्याची. ताटं मांडायचं काम धाकटीकडं द्यायचं. आधी फक्त ताटं, माणशी एक, आम्ही घरात पाच जण. म्हणजे पाच आलाच, तोही खऱ्या कामातून. पुढच्या रविवारी तांबड्याच्या वाट्या आणि त्यानंतर पांढऱ्याच्या. दोन्ही एकदम दिल्या तर ती गोंधळेल असं वाटतं. ज्यांच्या घरी 'तीनवालं' पोर आहे त्यांनी तोवर डबा करून बघा, आणि आकडा आधी सांगून जमतंय की नंतर, तेवढं नक्की कळवा.