ज्यूकबॉक्स, फेरी सहावी: वाद्य नसलेलं वाद्य

ज्यूकबॉक्स म्हणजे नाणं टाकलं की निवडलेली तबकडी वाजवणारं जुनं यंत्र, आणि आमचा गाण्यांचा खेळ त्याच्यावरच बेतलेला. या फेरीचा विषय मागच्या विजेत्याने एका ओळीत पाठवला: वाद्य नसलेलं वाद्य. ज्या गाण्यात एखादी रोजची वस्तू वाजते, अशी गाणी शोधायची. वाचल्या वाचल्या मी वही उघडली आणि एका बैठकीत एकतीस गाणी लिहून काढली. त्यातली सव्वीस दुसऱ्याच दिवशी खोडली. का, ते पुढे येईल. आधी खेळाची मांडणी सांगते.

आम्ही सहा जण. प्रत्येकाने दोन तबकड्या द्यायच्या, दर तबकडीला दोन बाजू, म्हणजे एकूण चोवीस गाणी. १९४६ च्या वुर्लिट्झर १०१५ या गाजलेल्या यंत्रात चोवीस तबकड्या असत आणि प्रत्येकीची एकच बाजू वाजे. दोन्ही बाजू वाजवून पन्नास तबकड्यांतून शंभर गाणी देणारं सीबर्गचं यंत्र १९४८ मध्ये आलं. आम्ही चोवीसचा आकडा पहिल्याकडून घेतला आणि दोन बाजू दुसऱ्याकडून. खरं यंत्र आमच्यापैकी कुणाकडेच नाही. फोन आणि स्पीकर, एवढंच. पण चिठ्ठ्या मात्र यंत्रावरच्यासारख्याच करतो: वरच्या ओळीत पहिली बाजू, मधे गायकाचं नाव, खालच्या ओळीत दुसरी बाजू. सीबर्गच्या बटणांवर इंग्रजी आय हे अक्षर गाळलेलं असे, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं. आमच्याकडे बटणं नाहीत, क्रमांक ओरडून सांगायचे असतात. म्हणून अ, क, ज, प, म, स अशी सहा अक्षरं घेतली. क आणि ख शेजारी ठेवले की गोंगाटात घोळ होतोच, हे पहिल्या फेरीत अनुभवलंय.

कुठलंही गाणं फक्त पहिली तीन मिनिटं वाजतं. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर साधारण तेवढंच मावायचं, ती मर्यादा आम्ही जपली आहे. चिठ्ठ्या खेळ संपेपर्यंत पालथ्या असतात. या फेरीत गुण दोन प्रकारचे होते. एक आवडीचे, जे नेहमीच असतात: दुसऱ्यांच्या गाण्यांना तीन, दोन, एक. दुसरे कानाचे: गाणं वाजल्यावर बाकीचे पाच जण कोणती वस्तू ऐकली ते कागदावर लिहितात, आणि जितकी उत्तरं बरोबर तितके गुण गाणं देणाऱ्याला. या दुसऱ्या गुणांनीच माझी यादी मोडली.

यादी मोडली तो दिवस

माझ्या एकतीसपैकी बहुतेक गाण्यांत वस्तू होती ती शब्दांत. कुणी दिव्याबद्दल गात होतं, कुणी आरशाबद्दल, कुणी होडीबद्दल. मी ती सगळी गाणी ताईला ऐकवली, प्रत्येकाचं अर्धं मिनिट, विषय न सांगता.

"यात काय वाजतंय गं ताई?"

"व्हायोलिन. अजून काय वाजायला हवं होतं?"

तिथेच कळलं. विषय कानाला कळायला हवा होता आणि मी तो डोळ्यांनी शोधत बसले होते. शीर्षकं वाचून यादी केली की हे हमखास होतं. आता मी शीर्षक शेवटी लिहिते. आधी डोळे मिटून ऐकते, मग काय ऐकलं ते लिहिते, आणि त्यानंतर नाव.

उरलेल्या पाचांतही दोन जाती निघाल्या. एक, जिथे वस्तू स्वतः वाजते. दोन, जिथे वाद्य त्या वस्तूची नक्कल करतं. संगीतकार होनेगरचं ‘पॅसिफिक २३१’ हे १९२३ चं काम दुसऱ्या जातीचं: अख्खा ऑर्केस्ट्रा वाफेचं इंजिन होऊन धावतो, पण इंजिन तिथे कुठेच नाही. ‘नया दौर’मधलं ‘मांग के साथ तुम्हारा’ मला अतिशय प्रिय. ओ. पी. नय्यर यांनी घोड्याच्या टापांवर सगळं गाणं चालवलंय, आणि त्या ठेक्यावर मी जगातल्या कुठल्याही टांग्यात बसायला तयार आहे. पण घोडा ही वस्तू नव्हे आणि टापही खऱ्या घोड्याची नव्हे. वहीत ते गाणं दुसऱ्या रंगाने लिहून ठेवलं. कधीतरी ‘नक्कल’ असा विषय निघेल तेव्हा ते पहिलं जाईल.

याच सुमारास नियमांवरून दोन वाद झाले. घुंगरू वस्तू की वाद्य? वाद्य, एकमताने. शिट्टी आणि टाळी? शरीर म्हणजे वस्तू नाही असा चार विरुद्ध दोन निकाल लागला. मी दोघांतली होते. त्यामुळे संगीतकार स्टीव्ह राइकचं ‘क्लॅपिंग म्युझिक’ (१९७२) गेलं. दोन माणसं, चार हात, दुसरं काहीच नाही. त्याचं वाईट अजून वाटतंय.

पहिली तबकडी: कचेरी

अमेरिकन संगीतकार लिरॉय अँडरसनचं ‘द टाइपरायटर’ (१९५०) पहिल्या बाजूला ठेवायचं हे लगेच ठरलं. यात ऑर्केस्ट्रासमोर खरा टाइपरायटर ठेवून वाजवतात. वेग इतका असतो की अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकतील, म्हणून दोनच कळा चालू ठेवतात. मी ते चार वेळा फक्त घंटीसाठी ऐकलं. ओळ संपली की टिंग, मग गाडा मागे सरकवल्याचा खर्रर्र, आणि पुन्हा खटखट. घंटी वाक्याच्या शेवटी पूर्णविरामासारखी पडते. नंतर एका ठिकाणी आपल्याला वाटतं आता वाजणार, आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात आपण श्वास रोखलेला असतो. सगळा प्रकार दोन मिनिटांच्या आत आटोपतो, त्यामुळे तीन मिनिटांची कात्रीही लागत नाही.

दुसऱ्या बाजूसाठी डॉली पार्टनचं ‘नाइन टू फाइव्ह’ (१९८०). त्याच नावाच्या, कचेरीतल्या तीन बायकांवरच्या चित्रपटासाठी ते तिने लिहिलं. चाल सुचताना ती आपली लांब खोटी नखं एकमेकांवर घासून ठेका धरायची. तो आवाज टाइपरायटरसारखा लागतो हे तिच्या ध्यानात आलं आणि मग ध्वनिमुद्रणातही नखंच वाजली. मला या जोडीचा आनंद असा की एका बाजूला खरं यंत्र वाद्यांत जाऊन बसतं आणि दुसऱ्या बाजूला नखं यंत्र होतात.

अडचण एकच: नखं म्हणजे शरीर ना? मी लगेच विचारून घेतलं. उत्तर आलं, खोटी नखं चिकटवलेली असतात, काढून टेबलावर ठेवता येतात, म्हणून वस्तू. मंजूर.

दुसरी तबकडी: लोखंड

हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. फ्रेंच संगीतकार पियेर शेफरचा १९४८ चा आगगाड्यांचा तुकडा, ‘एत्यूद ओ शमँ द फेर’, मला काहीही करून घ्यायचा होता. पॅरिसच्या एका स्थानकावर जाऊन त्याने इंजिनं, शिट्ट्या आणि रुळांचे आवाज टिपले आणि त्यांतूनच हे तीन मिनिटांच्या आतलं काम रचलं. तेव्हा त्याच्या हाताशी फीत नव्हती, तबकड्याच होत्या. तबकडीवरची खाच गोल मिटवून टाकली की सुई तिथेच फिरत राहते आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो. आपण सुई अडकली म्हणून उठून हात लावतो, त्याने त्या अडकण्याचाच ठेका केला. ज्यूकबॉक्स खेळणाऱ्यांनी एकदा तरी हे कान देऊन ऐकावं. मधे चाकांची तीच ती खडखड तीन-चार वेळा येते आणि मग अचानक शिट्टी, जशी कुणी वाक्य अर्ध्यावर तोडावं.

पण ही बाजू ऐकणाऱ्याला कोरडी वाटेल ही भीती होती. चाल नाही, गाणारं कुणी नाही. म्हणून दुसरी बाजू मायेची हवी होती, आणि लोखंडाचीही. आधी व्हर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’ (१८५३) या ऑपेरामधला ऐरणींचा कोरस धरला. तिथे ऐरण स्वरलेखनातच लिहिलेली आहे, पण ती लगेच वाजत नाही. आमच्या तीन मिनिटांत सुरुवातीचा वेळ फार मोलाचा असतो, तो असा घालवणं परवडत नाही. (या नियमाने चायकॉव्हस्कीची ‘१८१२’ तर पुरतीच मारली जाते. पंधरा मिनिटांची रचना, तोफांचे सोळा बार, आणि सगळे शेवटाकडे. गटातल्या एकाला तीच द्यायची होती. आम्ही त्याला कसंबसं परावृत्त केलं.)

मग वहीत मागे जाऊन पाहिलं तर ‘ऐरणीच्या देवा तुला’ पहिल्याच पानावर होतं आणि मी ते शीर्षकामुळे संशयाने खोडलं होतं. ‘साधी माणसं’, १९६५. शब्द जगदीश खेबूडकरांचे, संगीत आनंदघन म्हणजे लताबाईंचंच, आणि आवाजही त्यांचाच. ताईला पुन्हा बसवलं.

"हे काय वाजतंय?"

"हे काय विचारतेस? लोहार कामाला बसलाय की."

शीर्षकात वस्तू आहे म्हणून गाणं खोटं ठरत नाही. कानाला कळलं की पुरे. या गाण्यात ठोका मोठा नाही, सुरांच्या खाली काम चालू असावं तसा आहे. गाणारी बाई त्या कामाकडे बघत गातेय असं वाटतं. शेफरच्या इंजिनानंतर हे लागलं की तेच लोखंड घरात आल्यासारखं होतं.

काय दिलं नाही

‘चुरा लिया है तुमने’ (१९७३). काचेच्या पेल्यावरचा तो पहिला किणकिणाट दोन क्षणांत विषय सांगून मोकळा होतो, कानाचे पाचही गुण खिशात. पण तेच गाणं दोघांनी दिलं तर आमच्याकडे दोघांचंही बाद होतं. इतकं उघड गाणं कुणीतरी देणारच, म्हणून मी सोडलं. तसंच झालं. दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही बाद, आणि चोवीसची यादी बावीसवर आली. पुढच्या फेरीपासून असं झालं तर एक दिवसाची मुदत देऊन बदली गाणं घ्यायचं ठरलंय. ते बरोबर आहे, रिकाम्या जागा कुणालाच नको असतात.

खेळाची रात्र

तबला वाजवणाऱ्या मैत्रिणीने पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (तेही १९७३) दिलं होतं, अर्थात तेव्हा आम्हाला कुणाचं ते ठाऊक नव्हतं. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र. फितीचे सात तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले, जोडले आणि गोल फिरवत ठेवले, तोच गाण्याचा ठेका झाला. म अक्षराचं दुसरं गाणं म्हणून ते लागलं आणि मी मांडीवर मोजायला लागले. सात मात्रा. सगळे सातात अडखळत होते आणि ती एकटी शांतपणे तीन-दोन-दोन धरून बसली होती. तिथेच मी कागदावर तिचं नाव लिहिलं. चिठ्ठी उलटल्यावर ती म्हणाली, "अगं, रूपक ताल आहे हा सरळ. फक्त ठेक्याला नाणी लावलीत." तीन मिनिटांच्या कात्रीत गिटारचा मोठा तुकडा बाहेर राहिला. त्याची हळहळ सगळ्यांनी केली, पण विषयाचं काम पहिल्या दहा क्षणांतच झालेलं होतं.

माझं असं झालं. टाइपरायटर: कानाचे पाच, आवडीचे चार. नखं: कानाचा एकच. तिघांनी टाइपरायटर लिहिला, एकाने नुसती टाळी. आधीच्या बाजूला खरा टाइपरायटर वाजवून मीच त्यांचे कान तसे लावून दिले होते. बाजू उलट्या लावायला हव्या होत्या, आधी नखं आणि मग यंत्र. हे मला चिठ्ठी लिहितानाच सुचायला हवं होतं. शेफर: कानाचे पाच, आवडीचा एकही नाही. मात्र खेळ संपल्यावर दोघांनी त्याचं नाव लिहून घेतलं आणि एकाने ती मिटलेली खाच म्हणजे नेमकं काय ते दोनदा विचारलं. ‘ऐरणीच्या देवा’: कानाचे चार, आवडीचे नऊ, त्या रात्रीचे सर्वाधिक. ते वाजत असताना कुणी पेन उचललं नाही. तीन मिनिटं झाल्यावर आवाज बंद करायला कुणी उठेना, म्हणून ते पूर्ण वाजलं. अशी सूट आजवर दुसऱ्या कुठल्याच गाण्याला मिळालेली नाही.

एकूण गुणांत तबलावाली मैत्रीण दोनाने पुढे राहिली, त्यामुळे पुढचा विषय तिचा: थांबा. ज्या गाण्यात सगळी वाद्यं मधेच थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, अशी गाणी. या वेळी वही उघडली नाही. कालपासून डोळे मिटून ऐकतेय. सकाळी ताईला तीन गाणी ऐकवली, तिसऱ्याला ती "बंद का केलंस?" म्हणाली आणि गाणं चालूच होतं. ते चिठ्ठीच्या वरच्या ओळीवर लिहिलंय. खालची ओळ अजून रिकामी आहे.